सेन्सर गेला की तार गेली?

घोडेगावच्या कांदा बाजारात पहाटे पिकअप लावायची, दुपारी रिकामी परत आणायची, हा आमच्या नगरकडचा (आता अहिल्यानगर म्हणायचं) नेहमीचा धंदा. त्यात एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी चढाला ओढेनाशी होते. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, पडद्यावर ‘पी०५४६’ दिसतं आणि निकाल तिथंच लागतो: ‘सायलेन्सरचा सेन्सर गेला, नवा टाका.’ नवा टाकूनही आठवड्यानं दिवा पुन्हा पेटतो, तेव्हा मालकाचं डोकं तापतं.

खरं तर तो कोड सेन्सर गेला असं म्हणतच नाही. धुराचं तापमान मोजणाऱ्या त्या सेन्सरच्या सर्किटमधला व्होल्टेज नको तेवढा वर गेलाय, एवढंच तो सांगतो. ०५४५ असेल तर नको तेवढा खाली, आणि ०५४४ म्हणजे सर्किटमध्ये काहीतरी बिघाड, बाकी तुम्ही शोधा.

१ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं आणि डिझेल गाडीच्या धुराचं तापमान मोजणं भागच पडलं. काजळीची गाळणी भरली की ती आतच जाळायची असते, त्यासाठी ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. युरियाचं द्रावण फवारणाऱ्या गाडीत धूर पुरेसा तापल्याशिवाय फवारा सोडून उपयोग नसतो. तापमानावर भरवसा उरला नाही की गाडीतला संगणक गाळणी जाळणं थांबवतो, इंजिनाची ताकद आवरतो. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर गाळणी तुंबते, आणि ती सेन्सरच्या कित्येक पट महाग.

गंमत अशी, की गाड्यांना देशभरासाठी मान्यता देताना चाचण्या घेणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक आपल्याच शहरात आहे: डीआरडीओची व्हीआरडीई. तिच्या पत्त्यातच ‘वाहननगर’ आहे. तिथं धूर मोजल्याशिवाय हलत नाहीत, आणि त्याच गावातल्या गॅरेजात आम्ही न मोजता सुटा भाग बदलतो!

मोजायचं कसं? गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून स्कॅनरवर कूलंट, आत येणारी हवा आणि धूर, तिन्हींचं तापमान पाहा. रात्रभर निवलेल्या गाडीत ते जवळपास सारखंच हवं. एकटा धूरच ९०० अंश दाखवत असेल तर तो आकडा खोटा. मग कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. बऱ्याच डिझेल गाड्यांत प्लॅटिनमचा सेन्सर असतो: शून्य अंशाला २०० ओहम, तिशीला सव्वादोनशेच्या आसपास, ६०० अंशांना सव्वासहाशे. काही गाड्यांत उलट्या स्वभावाचे सेन्सर असतात, तापले की रोध घटतो. म्हणून आधी आपल्या गाडीचा तक्ता पाहा.

ओहम बरोबर आले तर वायरिंगकडे वळा. चावी चालू ठेवून गाडीकडच्या कपलरवर साधारण ५ व्होल्ट यायला हवेत. येत असतील तर सेन्सरच्याच त्या दोन तारा (सर्किटचा नकाशा बघून, अंदाजानं नव्हे) क्षणभर जोडा. स्कॅनरवरचा आकडा थेट दुसऱ्या टोकाला गेला तर तारा आणि संगणक ठीक. नाही गेला तर बहुधा तार तुटलीय किंवा पीन ढिली आहे.

माझा संशय नेहमी तारेवर. ती तापलेल्या नळीशेजारून जाते. धुताना प्रेशरचं पाणी कपलरात शिरतं, शेतात उभी राहिली तर उंदीर कुरतडतात. इंजिन चालू ठेवून, गरम भागाला हात न लावता तार जराशी हलवा. आकडा उडी मारतो ती जागा दोषाची. तिथं साधी चिकटपट्टी गुंडाळू नका, वितळेल. उष्णता सोसणारं वेष्टणच हवं.

एवढ्याला स्कॅनर, एक साधा मल्टिमीटर आणि तासाभराचा वेळ लागतो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘सेन्सर गेला’ म्हणालं, तर पैसे काढण्याआधी विचारा: थंड असताना ओहम किती आले, आणि कपलरला व्होल्ट किती?