लहान समाज आणि सरकारी सेवा : बेने इस्राएल समाजाच्या अनुभवाचा शैक्षणिक अर्थ

प्रस्तावना

सैन्यात, पोलिसात किंवा सरकारी कचेऱ्यांत एखाद्या समाजाची माणसे लोकसंख्येच्या मानाने अधिक दिसू लागली, की त्याचे कारण सर्वसाधारणपणे त्या समाजाच्या स्वभावात शोधले जाते. ‘ते मुळातच लढवय्ये’ किंवा ‘नोकरी त्यांच्या रक्तातच आहे’ असे म्हटले जाते. उलट ज्या समाजाची माणसे तेथे दिसत नाहीत त्यांना ‘त्याची आवडच नाही’ असे सांगितले जाते. ही दोन्ही विधाने विद्यार्थ्यांच्या कानांवर सतत पडत असतात आणि कोणत्या परीक्षेचा अर्ज भरायचा व कोणत्या परीक्षेचा नाही, यावर त्यांचा परिणाम होतो. म्हणून ही विधाने इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे शिक्षकांच्या दृष्टीने आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखात कोकणातील बेने इस्राएल या मराठी भाषक यहुदी समाजाचे उदाहरण विचारात घेतले आहे. तुलनेसाठी अमेरिकेतील मॉर्मन पंथ आणि महाराष्ट्रातील महार समाज यांच्या अनुभवांचा उल्लेख केला आहे. शेवटी पांढुर्णा व सौंसर या मराठी भाषक भागातील शिक्षकांना या अभ्यासातून काय घेता येईल, याचा विचार केला आहे.

मॉर्मन पंथ : संशयाकडून सेवेकडे

धर्म आणि सरकारी सेवा यांच्या संबंधाची चर्चा होते तेव्हा अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे उदाहरण अनेकदा दिले जाते. सैन्य, परराष्ट्र खाते आणि गुप्तवार्ता विभाग यांत या पंथाचे अनुयायी ठळकपणे दिसतात. परंतु या पंथाचा इतिहास सरकारशी मैत्रीने सुरू झालेला नाही. १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी हा पंथ स्थापन केला. १८३८ मध्ये मिसूरी राज्याच्या गव्हर्नरने या लोकांना राज्याबाहेर घालवण्याचा हुकूम काढला. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यात जमावाने स्मिथ यांची हत्या केली आणि त्यानंतर हा समाज पश्चिमेकडे युटाच्या ओसाड प्रदेशात गेला.

या स्थलांतराच्या काळातच, १८४६ मध्ये, मेक्सिकोविरुद्धच्या युद्धासाठी सुमारे ५०० मॉर्मन पुरुषांची एक पलटण अमेरिकी सैन्यात भरती झाली. त्यामागे दोन कारणे होती. पहिले म्हणजे सरकारशी आपली निष्ठा दाखवणे. दुसरे म्हणजे सैनिकांच्या पगाराचा व कपड्यांसाठी मिळालेल्या रकमेचा निराधार कुटुंबांच्या प्रवासाला उपयोग होणे. तरीही १८५७ मध्ये सरकारने युटावर फौज पाठवलीच. १८९० मध्ये बहुपत्नीत्वाची प्रथा थांबवल्याचे पंथाने जाहीर केले आणि १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला.

पुढच्या काळात या पंथाची स्वतःची शिस्त सरकारी सेवेला पूरक ठरली. दारू, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य असल्यामुळे आणि अमली पदार्थांपासून दूर राहिल्यामुळे चारित्र्याच्या तपासणीत अडचण कमी येते. अनेक तरुण दोन वर्षे धर्मप्रसारासाठी घराबाहेर राहतात. त्यांतील पुष्कळांना परदेशात राहून तेथील भाषा बोलण्याइतकी शिकावी लागते. युटातील नॅशनल गार्डमध्ये भाषातज्ज्ञांची एक लष्करी गुप्तवार्ता ब्रिगेड आहे, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र ही सेवा म्हणजे सरकारचे अंधानुकरण नव्हे. युटा व नेव्हाडा येथे एम-एक्स क्षेपणास्त्रे ठेवण्याच्या योजनेला १९८१ मध्ये याच पंथाच्या नेतृत्वाने जाहीर विरोध केला होता.

बेने इस्राएल : घाण्यापासून पलटणीपर्यंत

असाच एक अनुभव मराठी मुलुखातही घडलेला आहे. आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहत होता. त्यांची भाषा मराठी, पोशाख आणि आडनावे कोकणी. दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे गावांच्या नावांवरून पडली. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. शनिवारी धर्माज्ञेप्रमाणे घाणा बंद ठेवत असल्यामुळे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावगाड्यात त्यांना फारसा उंच दर्जा नव्हता आणि व्यवसाय बदलण्याची सोय गावात नव्हती.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजातील कुटुंबे मुंबईला येऊ लागली आणि त्यांतील अनेकांनी कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत नोकरी धरली. या फौजेचे एक वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. बंगालच्या फौजेत उच्च जातींचा भरणा मोठा होता, तर मुंबईच्या फौजेत निरनिराळ्या जातिधर्मांचे शिपाई एकाच रांगेत उभे राहत. मराठा, महार, कोकणातील व दख्खनमधील मुसलमान आणि बेने इस्राएल हे सर्व त्यात होते. घाण्यावर बसणाऱ्याला गावात जी बढती मिळणे शक्य नव्हते, ती पलटणीत हवालदार, जमादार, सुभेदार अशा पायऱ्यांनी मिळू शकत होती. रोख पगार होता आणि नोकरी संपल्यावर निवृत्तिवेतन होते. बेने इस्राएल शिपायांची एकूण संख्या थोडी होती, परंतु एतद्देशीय अधिकाऱ्यांत त्यांचे प्रमाण त्या मानाने बरेच राहिले.

सॅम्युएल इझेकिएल दिवेकर हे या पहिल्या पिढीतील प्रसिद्ध नाव होय. ते मुंबई फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडून सुटका झाल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले, असे परंपरा सांगते. ‘शाआर हारहामीम’ हे त्याचे नाव असले, तरी लोकांत ते ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखले जाई. फौजेतील नोकरीमुळे समाजाची पहिली सार्वजनिक संस्था उभी राहिली, ही गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे.

शिक्षणाची जोड

या समाजाच्या वाटचालीत दुसरा टप्पा शाळेचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी मुंबईत व कोकणात शाळा काढल्या. बेने इस्राएल पालकांनी आपली मुले या शाळांत पाठवली, परंतु धर्म सोडला नाही. जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांकडून त्यांना हिब्रू भाषाही शिकता आली आणि त्यामुळे त्यांची स्वतःच्या धर्मग्रंथांशी ओळख वाढली. पुढे समाजाने स्वतःची शाळा काढली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत सुरू झालेली इस्रायली शाळा नंतर सर एली कदूरी हायस्कूल म्हणून नावारूपाला आली.

बंद झालेला दरवाजा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरतीचे धोरण बदलले. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे ‘लढवय्या जाती’ या कल्पनेचे मोठे पुरस्कर्ते होते. या कल्पनेनुसार काही जातिजमाती जन्मतःच लढाऊ आणि बाकीच्या सैन्याला निरुपयोगी ठरवण्यात आल्या. त्याबरोबर एका जातीची वा वर्गाची स्वतंत्र कंपनी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. बेने इस्राएल समाजाची संख्याच इतकी लहान होती, की त्यांची स्वतंत्र कंपनी भरणे शक्य नव्हते. शंभर वर्षे सुभेदार देणाऱ्या समाजाचे नाव भरतीच्या यादीत बसेनासे झाले. त्यांच्या स्वभावात या काळात काही बदल झालेला नव्हता. बदलला होता तो नियम.

याच धोरणाचा फटका महार समाजाला बसला. १८९२-९३ च्या सुमारास त्यांची भरती बंद करण्यात आली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी करण्यात आली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. अखेर दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. सैन्यातील शिक्षणाचा लाभ या समाजाला किती झाला होता, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरावरूनच दिसते. त्यांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ मध्ये महू छावणीत झाला.

दोन समाजांची तुलना

एकाच वेळी, एकाच धोरणाने दोन समाजांपुढे सैन्याचा दरवाजा बंद झाला. पुढचा परिणाम मात्र सारखा झाला नाही. बेने इस्राएल तरुण रेल्वे, टपाल, जकात, सार्वजनिक बांधकाम आणि रुग्णालये या खात्यांत कारकून, हिशेबनीस, तपासनीस म्हणून गेले. त्यांच्या वस्त्या नोकरीच्या मागोमाग पसरल्या, याची साक्ष त्यांच्या प्रार्थनास्थळांत मिळते. ठाणे येथे १८७९, कराची येथे १८९३, पुण्यात १९२१ आणि अहमदाबादला १९३४ मध्ये अशी प्रार्थनास्थळे उभी राहिली. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयाची प्रमुख जबाबदारी सांभाळली आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

महार समाजातील शिकलेल्या तरुणांना हा दुसरा दरवाजा इतक्या सहज उघडला नाही. अस्पृश्यतेमुळे शाळेतच त्यांना वेगळे बसवले जाई, आणि कचेरीत पोहोचलेल्या माणसालाही स्पर्शाचे नियम सोसावे लागत. म्हणून सैन्याचा दरवाजा पुन्हा उघडावा यासाठी त्यांना जवळजवळ पन्नास वर्षे अर्ज करावे लागले. या तुलनेतून असे दिसते, की सरकारी सेवेत एखादा समाज किती दिसतो हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : भरतीचा नियम, आधी मिळालेले शिक्षण, आणि शिकलेल्याला समाज किती मोकळेपणाने वागवतो ही परिस्थिती. मॉर्मन पंथाचा अनुभवही याला दुजोरा देतो. निष्ठा सिद्ध करण्याची निकड सुरुवातीला होती, परंतु पुढे त्यांना उपयोगी पडली ती भाषा आणि शिस्त.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्यानंतर जन्माऐवजी पात्रता हा निकष सैन्यातही अधिक व्यापक झाला. १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्स ही सर्व प्रांतांतील व सर्व वर्गांतील जवानांची रेजिमेंट उभी करण्यात आली. बेने इस्राएल समाजातील बेंजामिन अब्राहम सॅमसन हे नौदलात उच्च पदावर पोहोचले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुख होते आणि १९६५ च्या युद्धाच्या वेळी भारतीय नौदलाचा ताफा त्यांच्या हाताखाली होता. १९७१ च्या युद्धाशी निगडित असलेले जनरल जे. एफ. आर. जेकब यांचे नाव पुष्कळदा याच समाजाशी जोडले जाते. ते यहुदी असले, तरी कोलकात्याच्या बगदादी यहुदी समाजातील होते, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

१९४८ नंतर बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली आणि आज भारतात हा समाज काही हजारांपुरताच उरला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

पांढुर्णा व सौंसर येथील शिक्षकांसाठी

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे पांढुर्णा व सौंसर येथील विद्यार्थी घरी मराठी बोलतात आणि राज्याच्या परीक्षांना हिंदीतून बसतात. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. वर उल्लेखिलेला इतिहास या विद्यार्थ्यांपासून दूर नाही. बाबासाहेबांचे जन्मस्थान महू त्यांच्याच राज्यात आहे. महार रेजिमेंटचे केंद्रही त्याच राज्यात सागरला आहे, तर ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे.

या संदर्भात शिक्षकांना तीन गोष्टी करता येतील. पहिली, ‘आपल्या लोकांत नोकरीचे वळण नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हा इतिहास सांगणे. शनिवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातही आधी नोकरीचे वळण नव्हते, ते एका पिढीत पडले. दुसरी, घरची मराठी आणि शाळेची हिंदी हे ओझे न मानता दोन भाषा येणे ही पात्रता आहे, असे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवणे व दोन्हींतील लेखन पक्के करून घेणे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकाच दरवाजावर विसंबून न राहण्याची तयारी करून घेणे. २०२२ पासून लागू झालेल्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम केले जातात. म्हणजे भरती होणाऱ्यांपैकी बहुतेकांना पंचविशीच्या आसपास दुसरे काम शोधावे लागणार आहे. सकाळी मैदानावर धावणाऱ्या मुलाला हिशेब, संगणक किंवा वीजजोडणीसारखे एखादे कौशल्य त्याच वर्षी देणे हे कम्युनिटी कॉलेजचे काम आहे.

समारोप

बेने इस्राएल समाज सैन्यात गेला तो तेथे जन्माऐवजी कामावर बढती मिळत होती म्हणून. सैन्यातून तो बाहेर पडला तो नियम बदलला म्हणून, आणि त्यानंतरही तो सावरला तो मुलांना वेळेवर शाळेत घातले होते म्हणून. भरतीचे नियम ठरवणे शिक्षकाच्या हाती नसते. नियम बदलेल त्या दिवशी विद्यार्थ्याजवळ दुसरे काय असेल, हे मात्र बऱ्याच अंशी शिक्षकाच्या हाती असते.