पाटीवर आकडा, घरात नाव

महाड तालुक्यातल्या आंबवडे गावाला सगळे 'फौजी आंबवडे' म्हणूनच ओळखतात. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी त्याची ख्याती. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने कोकणात आणि देशावर अनेक गावांना संगमरवरी पाट्या दिल्या. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरचा मजकूर. बहुतेक पाट्यांवर एकही नाव नाही. सरकारला आकडा पुरेसा होता. कोण गेला, कुठल्या पलटणीत होता, बंदूक कोणाकडून शिकला आणि परत येऊन त्याने कोणाला काय शिकवले, हे जिथे टिकले तिथे ते घरच्यांमुळे किंवा घरच्यांइतक्याच आस्थेने कागद गोळा करणाऱ्या एखाद्या माणसामुळे टिकले. महाड-पोलादपूरच्या लष्करी वारशाचा विचार करताना तलवारी, पदके आणि पुतळे आधी डोळ्यांपुढे येतात. या भागातल्या शस्त्रशिक्षणाचा खरा ठेवा मात्र कागद आणि आठवणी हाच आहे, आणि तो जपणारी कुटुंबे इतिहासाचे मुख्य काम करत आहेत, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी हे शिक्षण काय होते ते आधी पाहायला हवे. सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट १७५६ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि या खाडीपट्ट्याचा कंपनीच्या फौजेशी संबंध जडला. मुंबई फौजेत कोकणातले महार आणि मराठे मोठ्या संख्येने भरती झाले. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ पाहिला तर त्यावर 'नाक' या शेवटाची महार शिपायांची नावे कोरलेली दिसतात. त्यांच्या हातात ठासणीची बंदूक होती. कागदी काडतूस दातांनी फोडायचे, चिमूटभर दारू कानात आणि उरलेली नळीत ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची, गज जागेवर ठेवायचा आणि मग हुकमाची वाट पाहायची. नळी आतून गुळगुळीत असल्याने शंभर यार्डांपलीकडे नेमका नेम धरणे जवळपास व्यर्थच होते. म्हणून एकट्याच्या नेमबाजीपेक्षा शेकडो हातांनी एकाच तालात एकच क्रिया करण्याला मोल होते. हा ताल रंगरुटांच्या अंगात मुरवायचे काम कवायत शिकवणाऱ्या हवालदाराचे. पुढे रायफली आल्या आणि चांदमारीला महत्त्व आले, तरी शिकवणारा तोच राहिला. आपल्या खेड्यांतल्या बंदूक-शिक्षणाचा आद्य गुरू हा हवालदारच होय, आणि त्याचेच नाव बहुधा कुठे लिहिलेले नाही.

पण पलटणीत बंदुकीबरोबर आणखी एक गोष्ट मिळत होती. कंपनीच्या फौजेत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलामुलींसाठी शाळा असत. गावची शाळा ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवत होती, त्यांच्या हाती छावणीत पाटी-पेन्सिल आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेतले शिक्षक. त्यांचे मूळ गाव मंडणगडचे आंबडवे, म्हणजे महाडच्या शेजारचेच. शिपाई पेन्शनीवर घरी येई तेव्हा बंदूक सरकारजमा झालेली असे. १८७८ च्या हत्यार कायद्यानंतर तर परवान्याशिवाय ती ठेवण्याची सोयच नव्हती. त्याच्याबरोबर घरी येई ती शिस्त, दरमहाची रक्कम आणि अर्ज लिहिण्याची हिंमत.

ही हिंमत कशी असते ते पाहायचे तर महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पाहावेत. १८८६ मध्ये ते फौजेतून निवृत्त झाले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली आणि अस्पृश्यता कुठून आली याबद्दल धर्मपंडितांना जाहीर प्रश्न विचारले. १८९२ च्या सुमारास सरकारने 'लढवय्या जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कंपनीचे राज्य उभे करून दिले, ते एका फटकाऱ्यात लढायला नालायक ठरले. वलंगकरांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध सविस्तर विनंतीपत्र तयार केले. पुढच्या वर्षी त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर बसायला काही सभासदांनी हरकत घेतली. ते विनंतीपत्र आज अभ्यासकांना वाचता येते याचे श्रेय बाबासाहेबांचे चरित्रकार चां. भ. खैरमोडे यांच्या संग्रहाला आहे. त्यांनी ते सांभाळले नसते, तर भरतीबंदीचा इतिहास आपल्याला फक्त बंदी घालणाऱ्यांच्या दप्तरातून वाचावा लागला असता.

दुसरे उदाहरण दासगावचे. सावित्रीच्या खाडीवरचे हे बंदर, आणि इथे लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. रामचंद्र बाबाजी मोरे याच वातावरणात वाढले. जन्म १९०३ चा. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला, तेव्हा या मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहिले. प्रवेश मिळाला, पण बसायचे वर्गाबाहेर. पुढे १९२७ च्या महाड परिषदेची जुळवाजुळव करणाऱ्यांत तेच पुढे होते. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक परतले आणि देवळात घुसणार अशी हूल उठवून त्यांच्यावर हल्ला झाला. जमलेल्यांत महायुद्ध पाहून आलेले माजी सैनिक होते. हात उगारायला ते आसुसलेले होते, आणि बाबासाहेबांच्या एका शब्दावर ते थांबले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रहासाठी बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले आणि तिथून लोक पायी महाडला गेले. २७ तारखेला कोर्टाचा मनाईहुकूम असल्याने पाण्याला हात न लावता हजारो माणसे रांगेने तळ्याभोवती फिरली.

हा सगळा तपशील आपल्याला जिवंत स्वरूपात मिळतो तो बऱ्याच अंशी मोऱ्यांच्या आत्मकथनामुळे. नंतर ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९७२ मध्ये वारले तेव्हा आत्मकथन अपुरेच होते. त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी वडिलांचे लेखन सांभाळले, पुढचे चरित्र स्वतः लिहिले आणि २००३ मध्ये पुस्तक आणले. पुढे वंदना सोनाळकरांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाने ते जगापुढे गेले. एका मुलाने तीस वर्षे वडिलांची वही टाकून दिली नाही, म्हणून दासगावच्या पेन्शनरांना आज चेहरा आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही फौज परक्यांची होती. पेशवाई बुडवणाऱ्या आणि पुढे देशाला जखडणाऱ्या सत्तेची. तिच्या कवायतीचा अभिमान कशाला? आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. पण भरती होणाऱ्यापुढे पर्याय काय होते? स्वराज्याच्या सैन्यात लढलेल्यांच्या वंशजांना गावाने पाणवठा नाकारला, आणि परक्या सत्तेने पगार व पाटी दिली. त्याच सत्तेने गरज सरताच दार लावले, हेही या कुटुंबांनी अनुभवले आणि त्याविरुद्ध लिहिले. जतन करायची ती ही पूर्ण गोष्ट, निष्ठा आणि दगा दोन्हींसकट. कवायत माणसाला हुकमाचा ताबेदार बनवते, असेही म्हणतात. २० मार्चचा प्रसंग याचे उत्तर आहे. ज्याला मारता येते त्याने न मारणे हा निर्णय असतो, आणि तो हजारोंना एकत्र घेता यावा यासाठी शिस्त लागते.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घरचे लोक घरच्या माणसाबद्दल खरे सांगतील का? मुलगा बापाचे दोष झाकणार नाही का? झाकेल, कधीकधी. म्हणून तर मूळ कागद हवा. पोलादपूरजवळचे उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडच्या लढाईनंतर त्यांची समाधी इथे झाली. त्यांचे वंशज चंदगडच्या पारगडावर पिढ्यान्‌पिढ्या राहिले, आणि तलवार व कवड्यांची माळ आपल्याकडे आल्याचे सांगत ती श्रद्धेने जपत आले. त्या श्रद्धेबद्दल मनात आदरच आहे. पण तानाजी शस्त्र कोणाकडून शिकले, मावळ्यांना त्यांनी कसे तयार केले, याचे उत्तर माळ देऊ शकत नाही. पोवाड्याने पराक्रम अमर केला. शिक्षणाचा तपशील मागे राहिला. वलंगकरांचे आणि मोऱ्यांचे लेखन मात्र सरकारी दप्तराशी, कोर्टाच्या निकालाशी, त्या काळच्या वृत्तपत्रांशी ताडून पाहता येते. पक्षपात असलेला कागदही तपासता येतो. नसलेला कागद तपासता येत नाही.

राहिला प्रश्न हे काम सरकारने करावे की घराने. महाडात बाबासाहेबांचे राष्ट्रीय स्मारक आहे, आणि १९४१ मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटची स्वतःची परंपरा सागरच्या केंद्रात सांभाळली जाते. तिच्या चिन्हावर आधी कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर त्या जागी खंजीर आला. संस्थांचे जतन असे काळाबरोबर बदलते, त्यात गैर काही नाही. पण सेवापुस्तिका, डिस्चार्जचा दाखला, पेन्शनचे कागद, छावणीतून आलेले पोस्टकार्ड हे अजून घरातल्या ट्रंकेतच आहे. आणि महाडमधली ट्रंक सुरक्षित नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवत्यावर दरडी कोसळल्या. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या घरांत शिरले आणि त्याच पावसात तळिये गाव डोंगराखाली गेले. म्हणून मूळ कागद घरातच राहू द्यावेत, पण त्यांची स्वच्छ छायाचित्रे काढून एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात आणि एक पुण्या-मुंबईच्या एखाद्या विद्यापीठात ठेवावी. फोटोच्या मागे माणसाचे नाव, गाव, पलटण आणि हुद्दा पेन्सिलने लिहावा. ज्या घरात नव्वदीच्या आजीला आजेसासऱ्याच्या कवायतीच्या गोष्टी ठाऊक आहेत, तिथे हे काम पुढच्या पावसाळ्याआधी व्हायला हवे.