जबड्याच्या सांध्याची परीक्षा

कडक भाकरी चावताना किंवा मोठी जांभई देताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज झाल्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. हा आवाज जबड्याच्या सांध्यातून येतो. भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, शिकणाऱ्या मुलांना परीक्षेत या सांध्यावर प्रश्न घालतात, आणि चांगली हुशार मुलेही त्यात चुकतात. ती का चुकतात हे आपणही समजून घ्यावे. कारण तीच चूक पुढे रोग्याला भोवते.

प्रश्न साधारण असा असतो. तीस वर्षांची एक बाई. वर्षभर तोंड उघडताना तिच्या उजव्या कानापुढे ‘कट्’ वाजत असे. आठ दिवसांपूर्वी तो आवाज एकाएकी थांबला. तेव्हापासून तोंड जेमतेम दोन बोटे उघडते, आणि उघडताना हनुवटी उजवीकडे जाते. तर निदान काय?

आवाज थांबला म्हणजे सांधा सुधारला, असे मुलांना वाटते, आणि मग ती दुखणे भलतीकडेच शोधू लागतात. खरे पाहता इथे दुखणे वाढले आहे. ते कसे, हे कळण्यासाठी सांध्याची रचना पाहिली पाहिजे.

दोन्ही तर्जन्या कानाच्या छिद्रापुढे ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. प्रथम खालच्या जबड्याचे डोके जागच्या जागी फिरते. तोंड आणखी उघडले की ते पुढे घसरते. ते बोटांना लागते, नाही का? या डोक्यावर कूर्चेसारखी एक लहान चकती टोपीप्रमाणे बसलेली असते व ती डोक्याबरोबर पुढेमागे सरकते. कधी ही चकती पुढे निसटते. तोंड उघडताना डोके पुन्हा तिच्याखाली शिरते, तेव्हा ‘कट्’ वाजते. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर नुसत्या आवाजाला औषध लागत नाही. पण पुढे चकती अडकूनच बसली, तर डोके तिच्याखाली शिरू शकत नाही. मग आवाजही नाही आणि तोंडही उघडत नाही. त्या बाईचे नेमके हेच झाले आहे.

मग हनुवटी उजवीकडे का जाते? खालचा जबडा एकच हाड, पण त्याला सांधे दोन. जुवाला जुंपलेल्या दोन बैलांपैकी उजवा अडला की गाडी उजवीकडे वळते, तसेच हे आहे. डावा सांधा पुढे सरकतो, उजवा सरकत नाही. याच कारणाने त्या बाईला जबडा डावीकडेही नीट नेता येत नाही. हनुवटी वाटेत वाकडी होऊन शेवटी मध्यावर येत असेल, तर चकती जागेवर परत येते आहे असे समजावे.

आता स्नायू आखडल्यानेही तोंड कमी उघडते. मग फरक कसा ओळखावा? तपासणाऱ्याने बोटांनी हलकेच ताण दिला की आखडलेला स्नायू थोडा सैल पडतो व तोंड काही मिलिमीटर अधिक उघडते. चकती अडकलेली असेल तर तिथे टणक अडथळा लागतो. स्नायूच्या दुखण्यात जबडा बाजूंना बहुधा ठीक हलतो, आणि गाल किंवा कानशील दाबले की रोगी म्हणतो, “हेच ते दुखणे!”

मापही घ्यावे. मोठ्या माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर, म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतके उघडते. बाजूला ते आठ-दहा मिलिमीटर जाते.

या दुखण्याचा इतिहासही बोधप्रद आहे. १९३४ साली अमेरिकेतील कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी कान व जबडा यांच्या तक्रारींचा दोष पडलेल्या दाढांकडे दिला. ते स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निदानाच्या नियमांत रोग्याची हकीकत आणि हाताने केलेली तपासणी यांनाच पहिले स्थान आहे. चकतीची पक्की खात्री हवी असेल तेव्हा एमआरआय.

आपल्याकडे मात्र आणखी एक सावधगिरी हवी. सुपारी व गुटखा खाणाऱ्याचे तोंड महिनोन्महिने हळूहळू मिटत जाते, तिखट झोंबते, गालाच्या आत दोऱ्यांसारखे कडक पट्टे लागतात. हा सांध्याचा विकार नव्हे. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून सुपारी सोडून दंतवैद्याकडे गेलेच पाहिजे. जखमेनंतर काही दिवसांनी दातखीळ बसू लागली तर तो धनुर्वात असू शकतो. तिथे तासभरही दवडू नये. छातीत दडपण येऊन जबडा दुखला तर हृदयाचा विचार आधी करावा.

शिक्षकबंधूंनो, आपले विद्यार्थी या परीक्षेला बसणार असतील तर त्यांना क्रम शिकवा : आधी हकीकत, मग माप, मग हनुवटीची दिशा, मग हाताची तपासणी, आणि नाव सर्वांत शेवटी. आणि वाचकहो, आपल्या घरात कोणाचा जबडा अडकला तर तो ओढून उघडू नका, आणि दंतवैद्याने पाहिल्यावाचून दाढ काढण्याचा हट्टही धरू नका. मऊ अन्न, जबड्याला विश्रांती आणि शिकवलेले व्यायाम यांनी बहुतेकांना आराम पडतो. निरोगी दाढ एकदा गेली की ती परत येत नाही, आणि सांध्याचे दुखणे होते तिथेच राहते.