पदवी-वर्गातील जीवशास्त्राचे सक्रिय अध्यापन : खडकवासल्याचे एक उदाहरण

पदवी-वर्गातील जीवशास्त्राचे अध्यापन बहुधा संज्ञा, वर्गीकरण व आकृत्या यांच्या कथनात संपते. विद्यार्थ्यास शास्त्राचे निष्कर्ष कळतात. ते कोणत्या पुराव्यावरून निघाले, हे मात्र अज्ञात राहते. सक्रिय अध्ययनपद्धतीचा रोख याच उणिवेकडे आहे. तीत विद्यार्थी प्रथम आपले उत्तर मांडतो, सहाध्यायांशी चर्चा करून ते तपासतो. शिक्षकाचे विवेचन त्यानंतर येते.

मुठा नदीचे उदाहरण घ्यावे. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली केले. आज टॉर खुद्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महसिराचे मूळ वर्णन मुळा-मुठेतील नमुन्यांवरूनच झाले. पुढे १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतपाठोपाठ तेही फुटले व पुन्हा बांधले गेले.

'धरणामुळे माशांच्या स्थलांतरास अडथळा होतो' हे विधान व्याख्यानात क्षणात सांगून होते. त्याऐवजी साइक्सची यादी व नंतरच्या पाहण्यांच्या याद्या वर्गापुढे ठेवून असे विचारावे : जुन्या यादीतील जाती नव्या यादीत नसेल, तर ती नदीतून नाहीशी झाली असे म्हणता येईल काय? मग स्थळ, ऋतू व जाळी यांतील भेद आणि जातींची बदललेली नावे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येतात. त्यानंतर धरण, सांडपाणी, मासेमारी आणि १९५२ साली भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया ही संभाव्य कारणे घ्यावीत. त्यांपैकी प्रत्येक कारण खरे मानल्यास धरणाच्या वर व खाली काय आढळावे, याचे भाकीत प्रत्येक गटाने लिहून द्यावे. वर्गीकरण, परिस्थितिविज्ञान व नमुनानिवड हे तीन विषय येथे एकाच प्रश्नात गुंफले जातात.

या पद्धतीस भक्कम आधार आहे. फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांच्या पदवी-अध्यापनाविषयीच्या २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. व्याख्यानप्रधान वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर सक्रिय वर्गांत २१.८ टक्के आढळले.

तथापि एक अडचण लक्षात ठेवली पाहिजे. हार्वर्ड येथील पदार्थविज्ञानाच्या वर्गांवरील २०१९ च्या प्रयोगात सक्रिय वर्गातील विद्यार्थी अधिक शिकले, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांस वाटले. ओघवते व्याख्यान आकलनाचा आभास निर्माण करते. स्वतः विचार करताना होणारे श्रम अपयशासारखे भासतात. म्हणून पद्धतीचे प्रयोजन सत्रारंभीच समजावून द्यावे, आणि परीक्षेतही यादीपेक्षा तर्कास गुण द्यावेत. परीक्षा पाठांतराची राहिली, तर वर्गातील चर्चा विद्यार्थ्यांस कालापव्यय वाटेल, व तसे वाटणे गैरही ठरणार नाही.