ओटीपी मागणारा हा भाऊ कुठला?

आज बोलूया फोनवरून होणाऱ्या चोरीबद्दल.

‘लाडकी बहीण’चे दीड हजार २०२४ पासून थेट बाईच्या खात्यात येऊ लागले. चोरालाही ते कळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तशा खोट्या वेबसाइटही निघाल्या. आता बाया विचारतात, “ताई, तुम्ही म्हणता ओटीपी कोणाला देऊ नका, आणि सरकारच ओटीपी मागतं, तोही माझा आणि नवऱ्याचा. मग करायचं काय?” प्रश्न अगदी रास्त आहे. ओटीपी म्हणजे कुलपाची किल्ली. आपलं कुलूप आपल्या हाताने उघडायचं, त्यात धोका नाही. म्हणून योजनेच्या खऱ्या वेबसाइटवर तो आकडा आपण स्वतः टाकायचा किंवा ओळखीच्या सेतू केंद्रात समोर बसून टाकून घ्यायचा. पत्त्याच्या शेवटी ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे ना, ते बघा. पण फोन करून “आकडा सांगा” म्हणणारा बँकेचा नाही, सरकारचाही नाही. फोन ठेवून द्या, उत्तरसुद्धा देऊ नका.

पैसे ‘घ्यायला’ यूपीआय पिन लागत नाही, हेही पोरींना सांगा. सुकी मच्छी किंवा चिकू घेतो म्हणणारा गिऱ्हाईक “पैसे पाठवलेत, पिन टाका” म्हणाला, तर पिन टाकताच पैसे आपल्याच खात्यातून जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचा दंड म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर उघडू नका. ती पत्रिका नव्हे, ते अ‍ॅप असतं, आणि तुमचे मेसेज दुसरीकडे पोहोचवतं. बंदर कोणाला हवं, कोणाला नको, तो विषय वेगळा. पण “बंदरात नोकरी लावतो, आधी फॉर्मचे पैसे भरा” असा फोन आला तर भरू नका.

आता अंगठ्याचं. बँक मित्राकडे आधारवर पैसे काढताना “लागला नाही, परत लावा” ऐकलं की आधी पहिल्या वेळची पावती मागा. कधी खरंच मशीन अडतं, मासळी साफ करून, भात लावून बोटं झिजलेली असतात; पण कधी पैसे दोनदा निघतात. अंगठा कुलूपबंदही करता येतो, आधारच्या अ‍ॅपवरून. माहिती १९४७ वर मिळते. मात्र तो बंद असताना रेशनच्या मशीनवरही लागणार नाही, तेवढ्यापुरता उघडावा लागतो.

आणि एक. “तुझं खातं वापरू दे, महिन्याला पैसे देतो” म्हणणाऱ्याला पासबुक, एटीएम देऊ नका. चोरीचे पैसे त्यातून फिरले की पोलीस खातं गोठवतात. तुमचे दीड हजार अडकतात, आणि चौकशी तुमची होते.

पैसे गेलेच तर नवरा रागावेल म्हणून दोन दिवस गप्प बसू नका. चोर ते पैसे खात्याखात्यांतून पुढे ढकलत असतो. वाटेत उरलेले असतील तेवढेच अडवता येतात. म्हणून आधी १९३० लावा. खाते नंबर, किती पैसे, किती वाजता गेले आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक विचारतील, ते हाताशी ठेवा. मग बँकेत लेखी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तुमची किंवा बँकेची चूक नसताना, तिसऱ्यानेच पैसे काढले आणि तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर भुर्दंड तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्ही सांगितला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेले पैसे बँकेच्या अंगावर. बँकेने महिनाभर दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांचा नंबर १४४४८.

हे दोन नंबर, १९३० आणि १४४४८, गटाच्या हिशेबाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या फोनमध्ये पोरीकडून सेव्ह करून घ्या.