ठिणगी गाळणारी चिप

वाशिमच्या एका गणिताच्या सरांना खोडदला ओढून आणलं ते मध्यकानं. दहावीला दरवर्षी शिकवतात तो मध्यक जुन्नर तालुक्यातल्या तिथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीत चालू सिग्नलवर काढतात, हे त्यांच्या कानावर आलं होतं. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात बरोबरची पोरं ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या बघत फिरली. सर एका बोर्डापाशीच थांबले.

बोर्डावरची चिप एफपीजीए. साधा प्रोसेसर एकेक हुकूम पाळतो. इथं गणित हेच सर्किट असतं, आणि नवी फाइल चढवली की आतल्या जोडण्या बदलतात. स्पेनमधल्या सारागोसात २००८ साली अशा २५६ चिप्स जोडून ‘जानुस’ हे यंत्र उभं राहिलं, विस्कळित चुंबकीय पदार्थांचं सिम्युलेशन करायला. खोडदच्या चिपचं काम कमी दिमाखाचं: कचरा काढणं.

कचरा म्हणजे विजेच्या तारांवरच्या ठिणग्या. डीपीवर स्पार्किंग झालं की रेडिओ खरखरतो, हे वाशिममध्ये कुणाला सांगायला नको. इथं तर ऐकायचाय दूरचा पल्सार तारा. बोर्डापाशी उभ्या असलेल्या इंजिनियर मॅडमनी आकडा सांगितला: एका अँटेनाच्या एकेका वाहिनीतून सेकंदाला ८० कोटी नमुने.

सरासरी इथं कुचकामी. बाजार समितीत एका कट्ट्याचा भाव चुकून दहापट लिहिला गेला तर सरासरी फुगते, मध्यक जागचा हलत नाही. म्हणून आधी मध्यक काढायचा, मग त्यापासूनच्या अंतरांचा मध्यक, आणि फारच लांब पडलेला नमुना खोडून त्या जागी एखादी ठरावीक किंमत किंवा कृत्रिम गोंगाट भरायचा.

पण मध्यकासाठी आधी क्रमवारी लावावी लागते. सेकंदाला ८० कोटी येत असताना ती लावणार कोण? सर आले होते ते हेच विचारायला. उत्तर ऐकून ते खुदकन हसले: लावायचीच नाही. नमुना ८ बिटांचा, म्हणजे किमती फक्त २५६. कुठल्या खान्यात किती पडले ते मोजायचं. बेरीज निम्म्यावर पोचली की मध्यक सापडला.

पुढे ३० अँटेनांच्या ४३५ जोड्यांचे गुणाकार ग्राफिक्स कार्डांकडे जातात. एफपीजीएचं गुणगान गाणारे एक गोष्ट मात्र घाईत उरकतात: रचनेत बारीक बदल केला तरी नवी फाइल तयार व्हायला कित्येक तास जातात. मॅडमनी ते न विचारताच सांगितलं.

एका पोरानं विचारलं, ही चिप आमच्या डीपीवर बसवता येईल का? मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडे वायरमनला बोलवा. इथंसुद्धा स्पार्किंग होणारा खांब शोधून दुरुस्त करून घेतात. चिप आहे ती त्यातून उरलेल्या ठिणग्यांसाठी.