पाणी प्यायलेली खडी

सकाळी ६:३०
लिंबायतहून यार्डात पोचलो की हजेरीआधी मी खडीच्या ढिगाकडे जातो. डावीकडे काळ्या दगडाची खडी, उजवीकडे पाडलेल्या स्लॅब-कॉलमची दळून आलेली राखाडी. सुरतेत राडारोड्याला तोटा नाही. महापालिकेच्या कोसाडच्या प्रकल्पाचीच क्षमता दिवसाला ३०० टनांची आहे. राखाडी ढीग रात्रभर स्प्रिंकलरखाली असतो. एक तुकडा हातोडीनं फोडला. आत चिकटलेलं जुनं मॉर्टर अजून कोरडंच होतं, म्हणून पाणी आणखी तासभर चालू ठेवलं.

७:१५
नव्या डंपरमधल्या राडारोड्याची निवड. लाकूड, टाइल, प्लॅस्टिक, आणि सुरत असल्यामुळे सिंथेटिक साड्यांच्या चिंध्या. मला खरी धास्ती पीओपीची. त्यातलं सल्फेट सिमेंटशी भांडत बसतं, काँक्रीट आतून फुगतं आणि तडे महिन्यांनी दिसतात. तोवर बिलं निघालेली असतात. विटांचा चुरा जास्त असला तर डंपर वेगळ्या ढिगावर. आयएस ३८३ या खडीच्या मानकाच्या लेखी निव्वळ काँक्रीटची खडी आणि विटामिश्रित खडी या दोन जाती आहेत; दुसरीला कमी सिमेंटच्या, एम-१५ खालच्या कामापुरतीच परवानगी.

९:००
दिवसाचा कस इथे, मिक्सरपाशी लागतो. काळी खडी वजनाच्या एखाद-दोन टक्के पाणी पिते, राखाडी पाच-सहा टक्के सहज. मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत दहा टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण आधी भिजवून घ्यायच्या अटीवर. ही अट कागदावर एका ओळीची आहे आणि सगळी ताकद तिच्यात अडकली आहे.

हिशेब करून बघा. एका घनमीटरला मोठी खडी ११०० किलो धरली, तर तिच्यातली वीस टक्के बदलायची म्हणजे २२० किलो राखाडी. सहा टक्क्यांनी ती तेरा लिटर पाणी पिणार. खडी कोरडीच टाकली तर ती मिक्सरमधलं पाणी ओढते, माल घट्ट होतो, आणि कोणीतरी पाइप हातात घेतो.

"दादा, थोडं पाणी मारू का? माल चालंना."

"पाइप ठेव खाली. आधी ओलावा मोजू."

कारण पाइप तेरा लिटरवर थांबत नाही. आणि भिजलेल्या खडीवर तेच तेरा लिटर पुन्हा पडले, तर ३४० किलो सिमेंटला १६० लिटरचे १७३ होतात. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४७ वरून ०.५१ वर. ताकद तिथं गळते, आणि नाव मात्र जुन्या खडीचं बदनाम होतं.

११:३०
स्लंप घेतला, क्यूब भरले. यात सांगण्यासारखं काही नाही.

१२:४५
अठ्ठावीस दिवसांचे क्यूब प्रेसवर. एम-२५ चं काँक्रीट असलं तरी मिश्रण ३१.६ मेगापास्कलवर बेतलेलं. १५० मिमीच्या ठोकळ्याला म्हणजे सुमारे ७११ किलोन्यूटन. ठरलेल्या वेगानं दाब दिला तर सव्वादोन मिनिटांचा खेळ. काटा वर जातो तेव्हा यार्डातली माणसं उगाच जमतात.

आकडा लिहिण्याआधी मी फुटलेला तुकडा उलटून बघतो. काळ्या खडीच्या क्यूबमध्ये तडा बहुधा दगड आणि सिमेंटच्या सांध्यातून जातो. राखाडीला असे दोन सांधे: जुना दगड-जुनं मॉर्टर, आणि त्यावर नवं सिमेंट. तडा कमजोर वाट शोधतो. वीस टक्क्यांपर्यंत हा फरक सहसा विशेष जाणवत नाही. सगळीच खडी बदलली तर ताकद उतरते, आकुंचनही वाढतं.

३:१०
ठेकेदाराचा फोन. "हजीऱ्याला आख्खा रस्ता स्लॅगचा केला, मग आमच्या कॉलमला पन्नास टक्के का नाही?" २०२२ चा तो रस्ता पोलाद कारखान्याच्या स्लॅगचा, आणि वर डांबर. त्याचा दाखला कॉलमला लागत नाही. सळईच्या काँक्रीटमध्ये आमची राखाडी वीस टक्के, तीही एम-२५ पर्यंतच. बिनसळईच्या कामात पंचवीस. त्यांचा कॉलम एम-३० चा निघाला. म्हटलं, "कॉलमला काळीच घ्या. पायाखालच्या लीन पीसीसीला, म्हणजे एम-१५ खालच्या बिनसळईच्या थराला, मात्र शंभर टक्के राखाडी देतो, त्याला मनाई नाही."

थोडी घासाघीस झाली. पीसीसीचे दोन डंपर ठरले.

५:४०
रजिस्टरमध्ये ओलाव्याचा रकाना आधी भरला, ताकदीचा नंतर. उद्याचा माल सकाळी लवकर लागणार, म्हणून रात्रपाळीवाल्याला स्प्रिंकलर सातलाच सुरू करायला सांगितला.